एक मन म्हणतं, दुसरं मन म्हणतं



एका गावात गटाची मासिक बैठक चालू होती. बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते नोंदवहीत चढले, सह्या-अंगठे झाले. बायका पदर झटकून उठायला लागल्या. एक जण मात्र बसूनच राहिली. तिचे दोन हप्ते थकले होते, पण त्यावरून तिला कुणी बोललं नव्हतं. सगळ्या गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, एक इचारू का? एक मन म्हणतं, बस झालं, सगळं सोडून निघून जावं. दुसरं मन म्हणतं, लेकरांकडं बघ. आन् आत तिसरं एक हाये, ते नुसतं रडतंय. मी येडी तर नाही ना झाले?"

तेव्हा आम्ही काय सांगितलं, ते आज सांगायलाही लाज वाटते. "असं काही नसतं गं, देवाचं नाव घे, होईल सगळं ठीक," असं म्हणून आम्ही तिची पाठवणी केली. खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. घरी आल्यावर तिचा तो शब्द डोक्यातून जाईना. येडी. माणसाच्या आत दोन-तीन मनं बोलतात, म्हणजे ते माणूस वेडं असतं का? मग आपण रोज उठून "एक मन म्हणतं असं, दुसरं मन म्हणतं तसं" म्हणतो, ते काय? मन खातं, मन धजत नाही, मनाला समजावलं, मन मारून जगले, हे सगळं कोण कुणाला म्हणतं?

म्हणून आम्ही शोध घ्यायला बसलो. पुस्तकं चाळली, जाणत्या लोकांना विचारलं. तेव्हा कळलं की या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. आज तोच तुमच्यासमोर ठेवतो.

आपल्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. आता त्याला जांब समर्थ म्हणतात. 1608 साली रामनवमीला तिथं सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. हाच पुढं समर्थ रामदास झाला. त्याच्या लहानपणाची एक कथा आपल्याकडं घरोघरी सांगतात. नारायण एकदा कुणाला सापडेना. शेवटी घरातल्या अंधाऱ्या अडगळीत एकटाच बसलेला दिसला. आईनं विचारलं, इथं काय करतोस? तो म्हणाला, साऱ्या जगाची काळजी करतोय. कथा खरी किती, जोडलेली किती, ते आपण सोडून देऊ. पण एक पोरगं अंधारात बसून स्वतःच्या आत बघत होतं, हे गावानं चारशे वर्षं लक्षात ठेवलं.

दुसरी कथा लग्नाची. बाराव्या वर्षी आसनगावला नारायणाचं लग्न लागत होतं. भटजींनी "सावधान" म्हटलं आणि नारायण बोहल्यावरून पळाला, तो थेट नाशिकजवळ टाकळीला. तिथं त्यानं बारा वर्षं तप केलं, असं परंपरा सांगते. ही गोष्ट आपण नेहमी कौतुकानं ऐकतो. पण बायकांच्या बैठकीत सांगताना आम्हाला दुसरी बाजूही दिसते. अंतरपाटाच्या पलीकडं हळद लावलेली एक पोर उभी होती. घरी एक आई होती, तिचे डोळे रडून रडून गेले, असंही कथेतच आहे. त्या दोघींच्या मनात त्या दिवशी किती आवाज उठले असतील? ते कुणी लिहून ठेवलं नाही. इतिहासात बायकांच्या मनाची नोंद बहुतेक वेळा अशीच राहून जाते, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवू.

पुढं रामदासांनी जे लिहिलं, त्यातलं "मनाचे श्लोक" सगळ्यांना ठाऊक आहे. एकूण 205 श्लोक. शाळेत पाठांतराला होते, काही घरांत संध्याकाळी दिवा लावल्यावर अजूनही म्हणतात. आपण ते इतक्यांदा ऐकलं की त्यातली नवलाची गोष्ट लक्षातच येत नाही. हे श्लोक देवाला उद्देशून नाहीत, राजाला नाहीत, शिष्याला नाहीत. ते मनाला उद्देशून आहेत. बोलणारा वेगळा आणि मन वेगळं, असं धरून केलेलं ते बोलणं आहे. आणि त्या मनाला पहिली हाक कशी मारली आहे? चोरा, हलकटा, असं नाही. सज्जन म्हणून मारली आहे. पाहुण्याला बसायला पाट द्यावा आणि मग बोलावं, तसं. पुढं कान उघाडणी आहेच. हे टाक, ते धर, असं बजावणं आहे. पण मधेच प्रश्नही आहेत. जगात पुरता सुखी माणूस कोण आहे, ते तूच शोधून बघ, असं मनालाच सांगितलं आहे. म्हणजे नुसता हुकूम नाही, मनालाही विचार करायला लावलं आहे.

या श्लोकांबद्दल अशी कथा सांगतात की सातारा जिल्ह्यातल्या चाफळला रामनवमीचा उत्सव तोंडावर आला होता आणि शिधा कमी पडत होता. समर्थांनी रातोरात हे श्लोक सांगितले, शिष्यांनी उतरवून घेतले आणि दारोदार म्हणत त्यांनी भिक्षा मागितली. या कथेत आम्हाला एक गोष्ट दिसते. दारावर आलेल्याला सुपातून धान्य घालायला कोण येतं? बाई येते. म्हणजे मनाशी कसं बोलावं, हे शिकवणारे शब्द पहिल्यांदा उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकांच्या कानावर पडले असणार. रामदासांच्या शिष्यांमध्ये बायकाही होत्या. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या काळात विधवेनं घराचा कोपरा सोडू नये अशी रीत, पण वेणाबाईंनी कीर्तनं केली आणि मिरजेचा मठ सांभाळला.

आता जांबहून जरा वर, वेरूळच्या बाजूला जाऊ. तिथल्या देवगावात, म्हणजे आजच्या देवगाव रंगारीला, 1628 साली बहिणाबाई जन्मल्या. या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई वेगळ्या, त्यांच्याकडं नंतर येऊ. या बहिणाबाईंचं लग्न अगदी लहानपणी, वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लागलं. भाऊबंदकीच्या भांडणापायी आईवडील आणि नवऱ्याबरोबर गाव सोडून वणवण करावी लागली. कोल्हापुरात असताना कीर्तन ऐकून त्यांना तुकोबांची ओढ लागली. नवरा वैदिक ब्राह्मण. बायकोनं शूद्राला गुरू मानलं, हे त्याला सोसेना. त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. हे सगळं बहिणाबाईंनी स्वतः अभंगांत सांगून ठेवलं आहे. मराठीतल्या बाईनं स्वतःच्या आयुष्याची सांगितलेली ती फार जुनी कहाणी आहे.

त्या अभंगांत दोन ओढी सारख्या समोरासमोर येतात. एक ओढ म्हणते, नवरा हाच देव, त्याला दुखवून कसली भक्ती? दुसरी ओढ म्हणते, विठ्ठलाशिवाय जगणार कशी? बहिणाबाईंनी यातली एकही खोटी ठरवली नाही. दोन्ही बोलू दिल्या, दोन्ही लिहून ठेवल्या. शेवटी त्यांनी संसारही केला आणि भक्तीही सोडली नाही. आज आपण म्हणू, मारणाऱ्या नवऱ्याला देव कशाला मानायचं? ते म्हणायलाच हवं, आज आपल्याकडं कायदा आहे. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं आपल्या आतलं भांडण दडपलं नाही, लपवलं नाही, ते नीट मांडलं, हे काही थोडं नाही. 1700 साली त्या गेल्या. वैजापूर तालुक्यात शिऊरला त्यांची समाधी आहे.

गोदाकाठी पैठणला त्याही आधी, सोळाव्या शतकात, एकनाथ होऊन गेले. त्यांची भारुडं आपण जत्रेत ऐकतो. विंचू चावल्याचं भारूड आठवतं ना? तो विंचू रानातला नाही, तो माणसाच्या आतला आहे. काम आणि क्रोध यांना नाथांनी विंचवाचं रूप दिलं आणि सगळ्या गावासमोर नाचवलं. राग आला की "मी वाईट" असं म्हणण्यापेक्षा "मला विंचू चावलाय" असं म्हटलं की राग जरा हातभर लांब होतो. लांब झाला की त्याच्याकडं बघता येतं, त्यावर उतारा शोधता येतो.

ही झाली संतांची वाट. पण बायकांची स्वतःची एक वाट होती, ती म्हणजे जातं. पहाटे घर झोपलेलं असताना बाई जात्यावर बसायची आणि ओवी गायची. कधी जात्यालाच देव म्हणून बोलायची, कधी सीतेशी, कधी माहेरच्या आईशी, कधी मेलेल्या लेकराशी. दिवसभर जे बोलता यायचं नाही, ते त्या अंधारात घरघरीच्या आडून बोललं जायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख ओव्या म्हणजे बायकांच्या मनाचा केवढा मोठा दस्तऐवज झाला, बघा. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच वाटेच्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, काम करता करता गाणी रचत होत्या. मनाला त्यांनी पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. गुराला नुसती काठी मारून भागत नाही, त्याला वैरण आणि राखणही लागते, हे शेतकरणीला सांगावं लागत नाही. त्यांच्या मागं, 1952 साली, त्यांची गाणी पुस्तकात छापली गेली.

मग गावात पिठाची गिरणी आली. बरं झालं, खांदे आणि कंबर वाचली. जातं परत यावं, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण जात्याबरोबर एक जागाही गेली. पहाटेचा एक तास बाई एकटी, स्वतःशी बोलत बसायची, ती जागा. तिच्या बदल्यात दुसरी काही आली का? आम्हाला वाटतं, नाही आली.

आता दुसऱ्या बाजूचा इतिहास बघू, भीतीचा. जुन्या माणसांना ठाऊक असेल, निजामाच्या राजवटीत वेड्यांचं इस्पितळ आपल्या जालन्यातच होतं. हैदराबाद संस्थानातल्या लांबलांबच्या रोग्यांना इथं आणून ठेवत. संस्थान भारतात सामील झालं आणि पुढं 1950 च्या दशकात ते इस्पितळ हैदराबादला, एर्रागड्डा भागात गेलं. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. त्या जुन्या काळात मनाचं दुखणं म्हटलं की साखळ्या, उंच भिंती आणि कायमचं कोंडणं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. इस्पितळ गेलं, पण त्याची धास्ती मागं राहिली. "मी येडी तर नाही ना झाले?" हे विचारताना आमच्या त्या मैत्रिणीचा आवाज कापत होता, तो याच धास्तीनं.

भीतीची दुसरी वाट देवऋषाच्या दारात जाते. एखादी बाई एरवी तोंडातून शब्द काढत नाही. सासरी खाली मान, वर पदर. आणि एके दिवशी तिच्या अंगात येतं. ती घुमते, ओरडते, सासूचं नाव घेऊन बोलते, मागणी मागते. घर घाबरतं आणि पहिल्यांदा तिचं ऐकतं. आम्ही कुणाच्या श्रद्धेला हात घालत नाही. पण आम्हाला असं वाटतं की पुष्कळदा ते तिच्याच आतलं, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं मन असतं. त्याला स्वतःच्या नावानं बोलायची सोय नसते, म्हणून ते दुसऱ्याच्या नावानं बोलतं. अशा बाईला भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या गावात असं होत असेल, तर थांबवा, पोलिसांना कळवा.

मग मनाचे डॉक्टर याबद्दल काय म्हणतात? ते म्हणतात की माणसाच्या आत अनेक मनं असणं ही साधी, रोजची गोष्ट आहे. एरिक बर्न नावाचे डॉक्टर होते. कॅनडात जन्मले, पुढं अमेरिकेत राहिले. 1950 च्या दशकात त्यांनी मांडलं की प्रत्येकाच्या आत तीन जण असतात. एक पालक, म्हणजे आईबापांचे ऐकलेले बोल तसेच बोलणारा. एक बालक, म्हणजे लहानपणीचं हसणं, रुसणं, भिणं जपून ठेवणारा. आणि एक प्रौढ, म्हणजे आज समोर काय आहे ते बघून ठरवणारा. सून दूध उतू घालवते आणि आपल्या तोंडून अगदी आपल्या सासूचंच वाक्य, तिच्याच आवाजात निघतं. कधी झालंय ना असं? तो आतला पालक.

त्यानंतर 1980 च्या दशकात अमेरिकेतच रिचर्ड श्वार्ट्झ नावाचे एक समुपदेशक होते. कुटुंबातली भांडणं सोडवणं, एकेकाचं ऐकून घेणं, हे त्यांचं काम. त्यांच्याकडं काही तरुण मुली यायच्या. त्या भसाभसा खायच्या आणि मग ओकून टाकायच्या, असा तो आजार. त्या मुली बोलता बोलता म्हणायच्या, माझा एक भाग म्हणतो खा, दुसरा भाग मला शिव्या देतो. श्वार्ट्झ यांच्या लक्षात आलं की हे तर घरातल्या भांडणासारखंच आहे. घरातल्या माणसांशी बोलतो, तसं या भागांशी बोलून बघितलं तर? यातून जी पद्धत तयार झाली, तिला आपण "आतलं कुटुंब" म्हणू. 1995 साली त्यांनी त्यावर मोठं पुस्तक लिहिलं.

या पद्धतीत आतल्या माणसांचे तीन प्रकार धरतात. आपल्या घरातली उदाहरणं घेऊन सांगतो.

पहिले, कारभारी. सगळं नीट चाललं पाहिजे म्हणून हे सतत हुकूम सोडतात. ऊठ, रडू नको, चार लोकांत नाव जाईल, कापूस वेचायला चल. यांच्यामुळं घर चालतं, पण ते कधी बसू देत नाहीत.

दुसरे, आग विझवणारे. आतून दुःखाचा डोंब उसळला की ते हाताला येईल ते करून तो विझवतात. कुणी तास-तास मिश्री लावत बसते, कुणी मोबाईल सोडत नाही, कुणी नको तेवढं झोपते, कुणी लेकराच्या पाठीत धपाटा घालते. घरातला गडी दारू पितो, तेव्हा त्याच्या आतही पुष्कळदा हाच आग विझवणारा असतो. म्हणून दारू बरी ठरत नाही. आग लागल्यावर घरात पाण्याचा मारा केला, तर आग विझते, पण धान्यही भिजून जातं.

तिसरे, कोंडून ठेवलेले. ही बहुतेक लहान लेकरं असतात. दहाव्या वर्षी शाळा सोडवून आईबापाबरोबर ऊसतोडीला नेलेली पोर. बारशाला न बोलावलेली. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलेली. त्यांचं दुःख इतकं मोठं असतं की घर चालावं म्हणून त्यांना आतल्या खोलीत कोंडलेलं असतं. आमच्या मैत्रिणीच्या आत "नुसतं रडणारं तिसरं" होतं ना, ते हेच.

आणि या सगळ्यांच्या मधोमध आपण स्वतः असतो. शांत, समजूतदार, कुणालाही न हाकलणाऱ्या. श्वार्ट्झ यांचं म्हणणं असं की हे आपलं मूळ रूप कुणाचंही नासत नाही, फक्त गर्दीत झाकलं जातं. समुपदेशक माणसाला हळूहळू त्या जागेवर आणून बसवतो. मग एकेका भागाला विचारायचं. तू हे काम कधीपासून करतोस? तू हे थांबवलंस तर काय होईल, अशी तुला भीती वाटते? तुला माझ्याकडून काय हवंय? बाकीच्यांना सांगायचं, जरा बाजूला बसा, तुमचीही पाळी येईल. कुणालाही "तू वाईट" म्हणायचं नाही. प्रत्येक भाग कधीतरी आपल्याला वाचवायलाच कामाला लागलेला असतो, असं धरून चालायचं. भीती निवली की तो आपोआप सैल होतो.

आता जांबचे श्लोक आणि ही पद्धत एकच, असं आम्ही म्हणणार नाही. रामदासांना मन रामाकडं वळवायचं होतं, म्हणून ते सांगतात जास्त. समुपदेशकाला त्या भागाचं दुखणं समजून घ्यायचं असतं, म्हणून तो विचारतो जास्त. पण दोन्हीकडं पहिलं पाऊल एकच आहे. मनापासून दोन पावलं मागं सरायचं, त्याच्याकडं तोंड करायचं आणि त्याला मानानं हाक मारायची. ठाण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत शिकवतात. ती पद्धत थोडी निराळी, स्वतःच्या विचारांना तपासायची. पण तेही मनाचे श्लोक आणि मानसोपचार यांची सांगड घालून बोलत आले आहेत. म्हणजे जुनं आणि नवं एकमेकांचे शत्रू नाहीत.

इथं थोडं सावध करायला हवं, कारण अर्धवट माहिती घातक असते. एक, "माझं एक मन म्हणतं" असं वाटणं वेगळं आणि आसपास कुणी नसताना खरोखर कानात माणसं बोलताना ऐकू येणं वेगळं. असे आवाज ऐकू येत असतील, ते हुकूम देत असतील, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडं जायचं. दोन, कोंडून ठेवलेलं जुनं दुःख गटाच्या बैठकीत उकरून काढायचं नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. टाके काढायला आपण दवाखान्यात जातो, घरी ब्लेड घेत नाही. तीन, "आतलं कुटुंब" ही पद्धत तशी नवी आहे. इतर पद्धतींच्या मानानं तिच्यावर अभ्यास अजून थोडे झालेत. सगळ्यांना सगळ्यावर ती लागू पडते, असं नाही.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. "सगळं सोडून जावं" म्हणणारं मन बोलायला लागलं, तर ते ऐकून सोडून द्यायचं नाही. त्या बाईला एकटं ठेवायचं नाही. तिला सरळ विचारायचं, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का? विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट बाई मोकळी होते. घरात औषध-फवारणीचे डबे असतील तर ते कुलपात ठेवायला सांगायचं. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तिचा नंबर 14416. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनाच्या आजारांसाठी डॉक्टरांना भेटता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं असे उपचार मिळणं हा आपला हक्क केला आहे. आणि जिवावर उठलेल्या माणसाला तो कायदा गुन्हेगार धरत नाही. तो मोठ्या ताणाखाली आहे आणि त्याला मदतीची गरज आहे, असं धरतो. पोलिसांच्या भीतीनं कुणी लपवून ठेवू नये.

आता त्या मैत्रिणीचं सांगतो. आम्ही पंधरा दिवसांनी तिच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. म्हटलं, त्या दिवशी तुझं ऐकून घेतलं नाही. आज ऐकायलाच आलोय. तू येडी नाहीस. तुझ्या आत तिघी आहेत, सगळ्यांच्याच असतात. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती रडणारी हाये ना ताई, तिला कुणी इचारलंच नाही कधी." त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. ऐकलं. मग तिच्यासोबत नंबर लावला आणि ती बोलत असताना बाहेर ओट्यावर बसून राहिलो. पुढं तिला दवाखान्यातही नेलं. तिचं कर्ज माफ झालं नाही. पाऊस वेळेवर आला नाही. नवरा एका दिवसात सुधारला नाही. पण ती बैठकीला येते. मधे एकदा हसत म्हणाली, "आज कारभारी लई ओरडायलाय ताई, त्याला म्हणलं, बस जरा, च्या घे."

आमच्या मनात आता एक विचार पक्का झाला आहे. जात्याची जागा गेली, तिच्या बदल्यात काही आलं नाही, असं वर म्हटलं. ती जागा आपला गट होऊ शकतो. आपण दर महिन्याला गोल बसतोच. पैसे मोजतो, व्याज काढतो, इतिवृत्त लिहितो. त्यानंतर पंधरा मिनिटं ठेवू. प्रत्येकीनं फक्त दोन वाक्यं बोलायची: "आज माझं एक मन म्हणतंय..." आणि "दुसरं मन म्हणतंय..." बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, हसायचं नाही, आणि बोललेलं बैठकीबाहेर न्यायचं नाही. ज्यांना बोलायचं नाही, त्यांनी नुसतं बसायचं, तेही चालतं. या गोष्टी नोंदवहीत लिहायच्या नाहीत. मात्र कुणाचं बोलणं काळजीचं वाटलं, तर तिला एकटीला गाठायचं, लपवत बसायचं नाही.

आसनगावच्या मांडवात उभी राहिलेली ती पोर आठवा. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण तिला कुणी विचारलं नाही. आपल्या गटात तरी असं होऊ नये. शेजारी बसलेल्या बाईला आजच्या बैठकीत विचारा, बाई गं, तुझं मन काय म्हणतंय? आणि घरी जाताना वाटेवर स्वतःलाही विचारा. हाक मात्र मानानं मारा, आपल्या जिल्ह्याची ती जुनी रीत आहे.